तीन गटांची एकच शेड: बाटिक, नीळ आणि ठसेछपाई करताना सुरक्षिततेचे नियम कसे ठरवावेत?

प्रश्न: निळीचे पिंप (सोलापूर)

नमस्कार. सोलापूर शहराबाहेर आम्ही तीन महिला बचत गटांनी मिळून पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली आहे. ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद अशा या जागेत दाराजवळ बाटिकचे, म्हणजे कापडावर मेण लावून रंगवण्याचे, काम चालते, मधल्या दोन लांब टेबलांवर ठसेछपाई होते आणि मागच्या भिंतीशी, मोरीला लागून, आमच्या गटाची निळीची दोन पिंपे आहेत. आम्ही एकूण ११ जणी आहोत. भाडे, वीज, पाणी आणि गॅस यांचा खर्च वाटून घेतल्यामुळेच हा व्यवसाय आम्हाला परवडतो, त्यामुळे वेगळी जागा घ्या हा सल्ला कृपया देऊ नये.

मागच्या महिन्यातल्या पहिल्या पावसात पत्र्यातून गळती झाली आणि हायड्रोच्या डब्यावर, म्हणजे नीळ उतरवण्यासाठी (पाण्यात विरघळवण्यासाठी) आम्ही जो सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतो त्याच्या डब्यावर, रात्रभर थेंब पडत राहिले. झाकण अर्धवट लागलेले होते. सकाळी शेड उघडली तेव्हा काडेपेटीतल्या बऱ्याच काड्या एकदम ओढल्यासारखा उग्र वास येत होता आणि डबा हात लावता येणार नाही इतका तापलेला होता. आमच्यातल्या एकीने आग गुदमरावी म्हणून त्यावर ओले पोते टाकले, दुसरीने मगभर पाणी ओतले, आणि त्याबरोबर धूर दुपटीने वाढून पोतेच पेटले. शेवटी शेजारच्या गॅरेजमधल्या मुलाने लांब बांबूने तो डबा अंगणात ढकलला आणि तिथे तो आपोआप जळून विझला. कोणाला भाजले नाही, परंतु तिघींना दिवसभर खोकला येत होता आणि डोळे चुरचुरत होते. त्या डब्यापासून बाटिकच्या शेगडीचे अंतर जेमतेम १२ फूट होते. डबा ज्या दुकानातून घेतला तिथे विचारले असता, "सगळेच वापरतात, काही होत नाही," एवढेच उत्तर मिळाले.

दुसरी गोष्ट अधिक हळूहळू घडली आहे. ठसेछपाईच्या गटातली एक सहकारी, वय साधारण ३५, रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची पूड मोजून रंग कालवण्याचे काम दोन वर्षांपासून करते. गेल्या दिवाळीपासून तिला रात्री कोरडा खोकला येतो आणि छाती भरल्यासारखी वाटते. रविवारी आणि माहेरी गेल्यावर तिला बरे वाटते. ती तोंडाला ओढणी बांधून काम करते.

हायड्रोचा डबा पेटला तर नेमके काय करावे, पुडीपासून बचाव कसा करावा आणि तीन वेगळी कामे एका छताखाली चालत असताना नियम कोणी व कसे ठरवावेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती. आमच्यापैकी प्रत्येकीला आपापले काम चांगले येते, पण शेजारच्या टेबलावरच्या बरणीत काय आहे हे त्या दिवशी एकीलाही सांगता आले नाही.

उत्तर: रंगखाते (इचलकरंजी)

ताई, इचलकरंजीतल्या कापड प्रक्रिया कारखान्यांच्या रंगखात्यांत २८ वर्षे काढून मी निवृत्त झालो आहे आणि हायड्रो पेटलेला मी तीन वेळा पाहिला आहे. तिन्ही वेळा कारण एकच होते: ओलावा. तुमच्याकडे छत गळले. आमच्याकडे एकदा ओल्या मगाने डब्यातून पूड काढली गेली आणि उरलेली पूड काटकसर म्हणून पुन्हा डब्यात टाकली गेली. हायड्रोला भरपूर पाणी मिळाले तर तो निमूटपणे विरघळतो, परंतु थोडे पाणी मिळाले तर त्याचे विघटन सुरू होऊन उष्णता बाहेर पडते, ती उष्णता कोरड्या पुडीच्या पोटात अडकते आणि तापमान वाढत जाऊन शेवटी पूड पेटते. तुम्हाला जो काड्यांसारखा वास आला तो सल्फर डायऑक्साइड या वायूचा होता. खोकला आणि डोळ्यांची चुरचुर त्यानेच झाली.

आता महत्त्वाचा भाग. हायड्रोची आग गुदमरवून विझत नाही, कारण जळण्यासाठी तिला बाहेरच्या हवेची गरज लागत नाही. म्हणून पोते, वाळू, झाकण, कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे यांपैकी काहीही त्यावर चालत नाही. मगभर पाणी तर सर्वांत वाईट, कारण ते नेमके "थोडे पाणी" असते. उपाय एकच आहे, तो म्हणजे पाण्याचा लोंढा. डबा पूर्ण बुडून पूड विरघळून जाईल इतके पाणी एकदम आणि सलग मिळाले पाहिजे; एकामागून एक बादल्या किंवा चांगल्या दाबाचा पाइप. तेवढे पाणी हाताशी नसेल तर डब्याशी झटापट न करता सगळ्यांना बाहेर काढावे, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. त्या मुलाने डबा बाहेर ढकलला हे तुमचे नशीब. तो धूर जवळून छातीत गेला असता तर प्रकरण दवाखान्यापर्यंत गेले असते.

साठवणुकीबद्दल सांगायचे तर प्लास्टिकच्या पिशवीत मिळणारा सुटा हायड्रो घेणे आधी बंद करा. महिनाभर पुरेल एवढाच, मूळ बंद डब्यातला माल घ्या. डबा जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर, मोरीपासून, उन्हापासून आणि शेगडीपासून दूर, न गळणाऱ्या छताखाली ठेवा. पूड काढायला एक कोरडी पळी डब्याच्या बाहेर, खिळ्याला टांगून ठेवा आणि त्या पळीला दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हात लावू देऊ नका. पिंपात टाकताना हायड्रो पाण्यावर भुरभुरावा; हायड्रोवर पाणी कधीही ओतू नये. सांडलेली पूड ओल्या कचऱ्यात जाता कामा नये. ती कोरड्या सुपलीने गोळा करून उघड्यावर ठेवलेल्या, पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीत टाकावी.

कास्टिक सोड्याबद्दलही तोच क्रम: पाण्यात कास्टिक, थोडे थोडे करून, ढवळत. उलटे केले तर पाणी उसळून तोंडावर येते. आमच्या खात्यात एका नव्या पोऱ्याने घाईत तपेल्यातल्या कास्टिकवर गरम पाणी ओतले होते. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळे वाचले, कपाळावरचे डाग मात्र आजही आहेत. कास्टिक डोळ्यांत गेले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवायचा आणि मगच दवाखान्यात न्यायचे. "आम्लाने कास्टिक मरते" म्हणून डोळ्यांत व्हिनेगर किंवा लिंबू घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते कदापि करू नये.

उत्तर: मेणपात्र (पुणे)

वरचे उत्तर वाचून मला घाम फुटला, कारण मी बाटिक करते आणि आमच्याकडचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. मेण पेटले तर पाण्याचा थेंबही त्यावर पडता कामा नये. पाणी जड असल्यामुळे तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते मेण उडवून छतापर्यंत भडका नेते. मेणावर झाकण ठेवायचे, गॅस किंवा बटण बंद करायचे आणि भांडे थंड होईपर्यंत झाकण उचलायचे नाही. पेटलेले भांडे हातात घेऊन दाराकडे धावणे हा दुसरा नेहमीचा घात आहे, कारण मेण हिंदकळून स्वतःच्याच अंगावर पडते.

म्हणजे तुमच्या शेडमध्ये दाराजवळच्या आगीला झाकण लागते आणि पाणी चालत नाही, तर मागच्या भिंतीजवळच्या आगीला पाणी लागते आणि झाकण चालत नाही. ज्या बाईला फक्त आपले काम ठाऊक आहे ती घाईच्या वेळी शेजारणीच्या मदतीला धावेल आणि नेमकी चुकीची गोष्ट करेल. तुमच्याकडे ओले पोते टाकले गेले तेव्हा हेच घडले असावे असे मला वाटते. पोते टाकणाऱ्या ताई बाटिकच्या गटातल्या होत्या का?

मेणाचे तापमान हाच सगळा प्रश्न आहे. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांवर वितळते, पॅराफिन त्याहून थोडे आधी. परंतु मेण कापडात आरपार मुरण्यासाठी ते १२० अंशांच्या आसपास लागते. म्हणून दुहेरी भांड्याची, म्हणजे पाण्याच्या पातेल्यात मेणाचे पातेले ठेवण्याची पद्धत सुरक्षित असूनही अनेक जणी ती सोडून थेट शेगडीवर मेण ठेवतात. पॅराफिनची वाफ साधारण २०० अंशांच्या पुढे ज्वाला मिळताच पेटू शकते आणि थेट आचेवर विसरलेले मेण तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. मेणातून धूर निघू लागला की ते जास्त तापले आहे असे समजावे. तो धूर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. मी पाच वर्षांपूर्वी गॅस सोडून तापमान आपोआप राखणारे विजेचे पसरट भांडे घेतले. त्याला खर्च आला, पण तुमच्याकडे तीन गट असल्याने तो वाटून घेता येईल. शेडमध्ये केरोसीन घातलेली पिगमेंटची छपाईची लापशी वापरत असाल तर उघड्या ज्वालेला तिथे जागाच असू नये, हे वेगळे सांगायला नको.

दोन लहान गोष्टी. धुतलेला ब्रश पूर्ण वाळल्याशिवाय गरम मेणात बुडवू नये, कारण ओल्या केसांतले पाणी तडतडून चेहऱ्यावर मेण उडते. आणि साडीचा पदर किंवा ओढणी कमरेला खोचलेली असली तरी वाकल्यावर सुटते, म्हणून वरून सुती एप्रन बांधावा. सिंथेटिक कापड पेटले तर वितळून कातडीला चिकटते.

उत्तर: छातीचा दवाखाना

मी श्वसनविकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. तपासणीशिवाय निदान करता येत नाही हे आधीच सांगतो, तरीही आपण जे वर्णन केले आहे, म्हणजे रात्रीचा कोरडा खोकला, छाती भरून येणे, सुट्टीच्या दिवशी आराम पडणे आणि कामावर परतल्यावर पुन्हा त्रास होणे, ते व्यवसायजन्य दम्याच्या वर्णनाशी इतके जुळते की त्या भगिनींनी पुढची पूड मोजण्याआधी डॉक्टरांना भेटावे असे मी म्हणेन.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचे वैशिष्ट्य असे की ते कापडाच्या तंतूंशी रासायनिक बंध जोडतात, म्हणूनच ते धुतल्यावर निघत नाहीत. परंतु हीच बंध जोडण्याची क्षमता श्वासनलिकेतल्या प्रथिनांवरही चालते. रंग चिकटलेले प्रथिन शरीराला परके वाटू लागते आणि काही लोकांच्या बाबतीत त्याविरुद्ध प्रतिक्रिया तयार होते. ही प्रक्रिया काही आठवड्यांत किंवा काही वर्षांतही होऊ शकते, त्यामुळे "दोन वर्षे काही झाले नाही, मग आताच कसे?" हा प्रश्न गैरलागू ठरतो. एकदा ही संवेदनशीलता निर्माण झाली की चिमूटभर पुडीनेही दम लागू शकतो, आणि पूर्वी सहज सोसत होती तेवढी मात्रा पुन्हा कधी सोसेल याची खात्री देता येत नाही. त्रास अनेकदा कामाच्या वेळी न होता काही तासांनी, संध्याकाळी किंवा रात्री होतो, म्हणून रुग्णाला आणि कधी कधी आम्हा डॉक्टरांनाही कामाशी असलेला संबंध लक्षात येत नाही.

त्यांना दवाखान्यात नेताना रंगाच्या पाकिटांवरची नावे लिहून न्या, किंवा पाकिटांची छायाचित्रे न्या. पीक फ्लो मीटर नावाचे एक स्वस्त साधन मिळते, ज्यात जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजता येतो. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस मिळून तीन-चार आठवडे, दिवसातून किमान चार वेळा, ही नोंद ठेवली तर डॉक्टरांना निदान करणे पुष्कळ सोपे जाते. तोपर्यंत पुडीचे काम दुसरीकडे सोपवा, आणि तेही ओढणी बांधून नव्हे. ओढणीच्या विणीतून रंगाचे बारीक कण सहज आत जातात. धुळीसाठी एन-९५ दर्जाचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क हवा. मात्र हायड्रोच्या धुरासारख्या वायूंपुढे हा मास्क निरुपयोगी आहे; तो घालून कोणी तशा धुरात शिरू नये.

मास्कपेक्षाही मोठा फरक पूड उडूच न देण्याने पडतो. आठवड्यातून एक-दोन दिवस, सकाळी इतर कोणी यायच्या आत, एकाच व्यक्तीने सगळ्यांसाठी पूड मोजून तिचे पाण्यात घट्ट द्रावण करून ठेवावे आणि पुढे सर्वांनी ते द्रावणच वापरावे. त्या वेळी छताचे पंखे बंद असावेत. पुठ्ठ्याचे एक खोके आडवे ठेवून, त्याच्या तळाशी ओला वर्तमानपत्राचा कागद अंथरून, त्याच्या आत पूड मोजली तर उडालेले कण ओल्या कागदावर बसतात आणि कागद गुंडाळून टाकता येतो. शेवटी झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडूने बसलेली पूड पुन्हा नाकाच्या उंचीवर येते.

निळीचे पिंप (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. मेणपात्र ताई, तुमचा तर्क अचूक आहे. पोते टाकणाऱ्या ताई बाटिकच्याच गटातल्या आहेत आणि तेव्हापासून त्या स्वतःला दोष देत आहेत. तुमचा परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी जे केले ते त्यांच्या कामाच्या हिशेबाने बरोबरच होते हे ऐकून त्यांना बरे वाटले.

आमच्या सहकारीला परवा तपासणीला नेत आहोत. आणखी दोन शंका आहेत. ठसेछपाईचा गट कधी कधी इंडिगोसोल (आम्लाच्या पाण्यात उमटणारे) रंग वापरतो आणि त्यासाठी नायट्राइट व आम्ल लागते. ते आमच्या हायड्रोच्या कपाटात ठेवले तर चालेल का? आणि आमच्यातल्या काही जणींचे म्हणणे आहे की सगळ्यांनी नैसर्गिक रंगांकडे वळावे म्हणजे हा त्रासच संपेल. यावर मत हवे आहे.

उत्तर: परीक्षानळी (कोल्हापूर)

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पहिल्या शंकेचे उत्तर: अजिबात चालणार नाही. तुमच्या शेडमधली आम्लाची बाटली अशी आहे की तिचे कोणत्याच शेजाऱ्याशी पटत नाही. ती हायड्रोवर सांडली तर सल्फर डायऑक्साइड निघेल, नायट्राइटवर सांडली तर तपकिरी रंगाचे विषारी वायू निघतील आणि ब्लीचिंग पावडरवर सांडली तर क्लोरीन निघेल. म्हणून आम्ल एका स्वतंत्र ठिकाणी, शक्यतो जमिनीलगत, प्लास्टिकच्या खोल टबात ठेवावे, म्हणजे गळले तरी टबातच राहील. इंडिगोसोलचे कापड आम्लाच्या पाण्यात उघडून रंग आणताना, म्हणजे ज्या क्षणी नायट्राइट आणि आम्ल एकत्र येतात त्या क्षणी, काम उघड्यावर किंवा जोरदार एक्झॉस्ट पंख्याखालीच करावे.

नायट्राइटबद्दल मला विशेष काळजी वाटते. ते दिसायला मिठासारखे असते आणि रंगकामाच्या जागी खरे मीठही लागते. चुकून पोटात गेले तर ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच बिघडवते आणि माणूस निळा पडतो. नायट्राइटची बरणी कुलपात ठेवावी, तिच्यावर मराठीत ठळक नाव लिहावे आणि शेडमध्ये चहा, डबा, पाण्याची बाटली यांपैकी काहीही आणू देऊ नये. कोणतेही रसायन पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरू नये. हा नियम मोडला तर गटातून काढले जाईल इतका तो कडक असावा असे माझे मत आहे, कारण तुमच्यातल्या कोणाची मुले शाळा सुटल्यावर शेडमध्ये येत असणारच.

जर्मनच्या पातेल्यात कास्टिक किंवा सोडा अ‍ॅश कालवू नये. अ‍ॅल्युमिनियमवर कास्टिकची क्रिया होऊन पातेले झिजते आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे भांडे घ्यावे आणि एकदा रंगकामात गेलेले भांडे स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

नैसर्गिक रंगांबद्दल माझे मत काहींना आवडणार नाही. हिरडा, डाळिंबाची साल, मंजिष्ठ ही द्रव्ये तुलनेने सौम्य आहेत हे खरे, परंतु त्यांना धरून ठेवण्यासाठी जे क्षार लागतात ते सगळेच तसे नसतात. तुरटी पुष्कळच बरी. हिराकस लहान मुलाच्या पोटात गेला तर जिवावर बेततो, मोरचूद विषारी आहे आणि पाण्यात गेला तर मासे मारतो. काही जुन्या कृतींमध्ये सांगितलेले पोटॅशियम डायक्रोमेट तर कर्करोगकारक आहे आणि ते कोणीही शेडमध्ये आणू नये. स्क्रीन तयार करण्याच्या इमल्शनमध्येही ते कधी कधी असते. निळीपुरते मात्र तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला पटते. गूळ आणि चुना यांच्या साहाय्याने नीळ उतरवण्याची पद्धत हायड्रोशिवाय चालते. ती सावकाश आहे, छटा जमवायला सराव लागतो, पण ती रात्रीत पेट घेत नाही. चुना डोळ्यांना कास्टिकइतकाच वाईट आहे, त्यामुळे चष्मा तिथेही सुटत नाही.

सुट्या पुड्यांमधले, नाव नसलेले रंग घेण्याबद्दलही एक शब्द. केंद्र सरकारने १९९७ च्या अधिसूचनेने ७० अ‍ॅझो रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली आणि त्याआधी बेंझिडीन या रसायनापासून बनणाऱ्या ४२ रंगांवर ती होतीच. बेंझिडीनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो हे पक्के सिद्ध झालेले आहे. बंद पाकिटावर रंगाचे नाव आणि उत्पादकाचे नाव असेल, तरच आपण काय हाताळतो आहोत हे कळू शकते. दुकानदाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागा, आणि तो देत नसेल तर दुकान बदला.

उत्तर: रंगखाते (इचलकरंजी)

बाईंच्या एका मुद्द्यावर माझा थोडा मतभेद आहे. गूळ-चुन्याची पद्धत चांगली आहे, पण ज्या गटाला ठरलेल्या तारखेला एकाच छटेचे २०० मीटर कापड द्यायचे असते तो शेवटी हायड्रोकडेच वळतो आणि मग चोरून, कपाटामागे ठेवून वापरतो. त्यापेक्षा तो उघडपणे, नियमाने वापरलेला मला जास्त बरा वाटतो. बाकी सगळे मान्य.

सांडपाण्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. रंगाई व छपाईचा उद्योग प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत लाल गटात येतो आणि सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाची संमती लागते. आकार लहान आहे म्हणून आपल्याला कोणी विचारणार नाही असे धरून चालू नका; आमच्या गावात सांडपाण्याने पंचगंगा नदीचे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्लाचे पाणी आणि हायड्रोचे पाणी एकाच मोरीत एकाच वेळी सोडू नका, नाहीतर मोरीतूनच धूर येईल. बाटिकचे मेण काढलेले गरम पाणीही थेट ओतू नये. थंड झाल्यावर वर आलेला मेणाचा थर काढून घ्यावा. मोरी तुंबत नाही आणि मेण परत वापरता येते.

आणि ओल्या फरशीवर विजेच्या वायरी लोळत असतील तर या सगळ्याआधी ते पाहा. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची गळती पकडून वीज तोडणारा स्विच बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या.

निळीचे पिंप (सोलापूर)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. डॉक्टरांनी आमच्या सहकारीला पीक फ्लोची नोंद ठेवायला सांगितली आणि कामाच्या दिवसांचे आकडे सुट्टीच्या दिवसांपेक्षा स्पष्टपणे खाली आले. ती आता पुडीपासून पूर्ण दूर असून हिशेब आणि ठसे उमटवण्याआधीची कापडाची आखणी पाहते. पूड मोजण्याचे काम आम्ही फक्त दोघींकडे दिले आहे, सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला, खोक्यात आणि पंखे बंद करून.

बाटिकची शेगडी आणि निळीचा कोपरा आता शेडच्या दोन टोकांना आहेत. मेणाच्या भांड्याशेजारी भिंतीवर त्याच मापाचे झाकण टांगले आहे, आणि हायड्रोच्या फळीजवळ २०० लिटरचे पिंप कायम भरलेले असते, ज्यातले पाणी दुसऱ्या कामाला घेता येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक गट दुसऱ्या दोन गटांना आपल्या बरण्या दाखवून, त्यात काय आहे आणि पेटले किंवा सांडले तर काय करायचे, हे सांगतो. पहिल्याच शनिवारी आम्हाला नाव नसलेल्या चार बरण्या सापडल्या. एकीत काय आहे हे कोणालाच सांगता आले नाही. ती तशीच बंद करून वेगळी ठेवली आहे.

आता एक्झॉस्ट पंखा बसवायचा आहे. सुतार म्हणतो दारावर बसवा, कारण तिथे लाकडी चौकट आहे. हे योग्य होईल का?

उत्तर: रंगखाते (इचलकरंजी)

दारावर नको. पंखा मागच्या भिंतीत, पिंपांच्या मागे आणि कामाच्या उंचीला बसवा, म्हणजे ताजी हवा दारातून येईल, माणसांच्या पाठीवरून पुढे जाईल आणि वाफ त्यांच्या तोंडासमोरून बाहेर पडेल. सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो छताशी बसवलेल्या पंख्यापर्यंत सहज पोहोचत नाही. बाटिकच्या मेणासाठी मात्र वेगळा, भांड्याच्या वर धुराडे असलेला लहान पंखा लागेल, कारण गरम धूर वर जातो. आणि ती बिननावाची बरणी उघडून वास घेऊन पाहू नका. रसायने विकत घेता त्या दुकानदाराला आणि कोल्हापूरच्या बाईंना तिचे छायाचित्र दाखवा.